पोट भरलं, पण अंगी लागलं का?

२०२५च्या मे महिन्यात माझा मास्टर्सचा प्रबंध एकदाचा विद्यापीठात जमा झाला. विषय असा: कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात किनाऱ्यालगतच्या समुद्रात सॅमनच्या पिल्लांना खायला किती मिळतं, आणि त्यावर त्यांची वाढ कशी ठरते. विषय एका ओळीचा, वेळ लागला पावणेतीन वर्षं. त्यातले प्रत्यक्ष समुद्रावरचे दिवस मोजले तर जेमतेम साठ भरतील. बाकीचा काळ अर्ज, परवानग्या, सूक्ष्मदर्शक आणि वाट बघणं यात गेला. मी सुरुवात केली तेव्हा 'आधी हे कर, मग ते' असं सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. मत्स्यशास्त्र शिकून तुमच्यापैकी कुणी अशा कामाला निघालं असेल तर त्यांची धाकधूक थोडी कमी व्हावी, म्हणून लिहिते आहे.

मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात बी.एफ.एससी. केलं. सॅमनशी ओळख पुस्तकातलीच. आपल्याकडे रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात खरं, पण दोघांचं कूळ वेगळं. खरा सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. मी अभ्यास केला तो सॉकाय या जातीचा. फ्रेझर नदीतली सॉकायची पिल्लं बहुतेक एक वर्ष तळ्यात काढतात आणि वसंतात नदीबरोबर वाहत समुद्रात उतरतात, तेव्हा बोटाएवढी असतात. तिथून जॉर्जिया सामुद्रधुनीत महिना-दीड महिना, मग उत्तरेकडे डिस्कव्हरी बेटांमधल्या चिंचोळ्या वाटा, पुढे जॉन्स्टन सामुद्रधुनी, त्यापुढे क्वीन शार्लट सामुद्रधुनी आणि मग उघडा महासागर. माझा सगळा प्रबंध या प्रवासातल्या काही आठवड्यांबद्दल आहे.

हेच काही आठवडे का, याला एक कारण आहे. २००९मध्ये फ्रेझर नदीत एक कोटीहून जास्त सॉकाय परततील असा अंदाज होता. आले पंधरा लाखांच्या आसपास. सरकारने न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग नेमला, आणि आयोगाचं काम चालू असतानाच २०१०मध्ये अडीच कोटींहून जास्त मासे आले! ऑक्टोबर २०१२मध्ये अहवाल आला तेव्हा कुठल्याही एका कारणावर बोट ठेवता आलं नाही. पण २००९मध्ये न परतलेली ती पिढी २००७च्या वसंतात समुद्रात उतरली होती, आणि त्या वर्षी किनाऱ्यालगत तिची उपासमार झाली असावी, हा धागा अनेक संशोधकांनी धरून ठेवला. त्याआधी, २००१मध्ये, बीमिश आणि मानकेन यांनी एक कल्पना मांडली होती: पहिल्या उन्हाळ्यात पिल्लाने ठरावीक आकार गाठला नाही तर पहिला हिवाळा त्याला निभावत नाही. हे वाचलं तेव्हा मी रत्नागिरीच्या वसतिगृहात होते. त्याच आठवड्यात मी माझ्या आताच्या गाइडना पहिला ईमेल पाठवला.

प्रवेश, व्हिसा वगैरे भराभर सांगते, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये प्रवेशपत्र आलं, मार्चमध्ये स्टडी परमिटचा अर्ज केला, १५० डॉलर फी आणि बायोमेट्रिक्सचे ८५ डॉलर. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले. निकाल आला तो थेट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आणि सप्टेंबरला वर्ग सुरू. तिकीट तोपर्यंत काढलं नव्हतं, त्यामुळे महाग पडलं. गाइडना आधीच विचारून ठेवा की परमिट उशिरा आलं तर जानेवारीत रुजू होता येईल का. तेवढं उत्तर हातात असलं की त्या पाच महिन्यांत झोप लागते.

खरी परीक्षा नोव्हेंबर २०२२मध्ये सुरू झाली. कॅनडात माशांवर काहीही प्रयोग करायचा असेल, अगदी समुद्रातून पकडून मोजायचा असेल, तरी विद्यापीठाच्या ॲनिमल केअर कमिटीची मंजुरी लागते. तिचे नियम कॅनेडियन कौन्सिल ऑन ॲनिमल केअर ही संस्था ठरवते. आधी ऑनलाइन प्रशिक्षण, मग मासा हाताळण्याचं प्रात्यक्षिक, आणि मग पंचवीसेक पानांचा अर्ज. किती मासे, कोणत्या जातीचे, कसे पकडणार, पाण्याबाहेर किती वेळ राहतील, मारणार असाल तर कसे, आणि तेवढेच का? मी आकडा लिहिला: ६००. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'संख्याशास्त्रीय विश्वासार्हतेसाठी.' हे लिहिताना आपण फार व्यवस्थित काम केलं असं वाटलं होतं.

डिसेंबरच्या मध्यावर अर्ज परत आला, चौदा शेरे घेऊन. तेरा किरकोळ होते. चौदावा असा होता: तुमचा प्रश्न वाढीबद्दल आहे, पण तुम्ही बघणार आहात पोट. पोटातल्या अन्नावरून गेल्या काही तासांपलीकडचं काय कळणार?

मी दोन दिवस काहीच केलं नाही. नाताळची सुट्टी लागली होती, इमारत रिकामी, बाहेर संततधार पाऊस. राग आला होता आणि लाजही वाटत होती, कारण शेरा बरोबर होता. मराठीत आपण 'पोट भरलं' आणि 'अंगी लागलं' यांत किती सहज फरक करतो. भरपेट जेवूनही काही माणसांच्या अंगी लागत नाही. मी मात्र पोट बघून अंगाबद्दल बोलायला निघाले होते.

मग बसून ठरवलं की माशाच्या कोणत्या भागातून किती जुनी गोष्ट कळते. पोटात असतं ते आजचं, फार तर कालपासूनचं. रक्तात आयजीएफ-१ नावाचं एक संप्रेरक असतं. मासा गेले काही दिवस, साधारण आठवडाभर, वाढत असेल तर त्याची पातळी चढलेली असते आणि उपास घडला की उतरते. स्नायूंमधले कार्बन आणि नायट्रोजनचे समस्थानिक काही आठवड्यांचा आहार सांगतात. आणि कानात असतो ओटोलिथ, चुन्याचा इवलासा खडा. त्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं पडतात, पण वर्षाला एक अशी नव्हेत. पिल्लाच्या वयात दिवसाला एक! वलय रुंद तर दिवस चांगला गेला, अरुंद तर हलाखीचा. म्हणजे एकाच पिल्लातून आज, हा आठवडा, हा महिना आणि समुद्रात उतरल्यापासूनचा एकेक दिवस असं सगळं वाचता येतं. वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे मासे मारायची गरजच उरली नाही. एका हंगामाला ६००चे २४० झाले. या आकड्यामागे आता कारण होतं. ३ मार्च २०२३ला मंजुरी आली.

इथे एक विनंती. हा अर्ज कटकट म्हणून उरकू नका. प्रबंधाचा आराखडा करायच्या आधी नुसता तो रकाना भरून बघा. 'तेवढेच का' याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नसेल तर प्रश्न अजून पिकलेला नाही.

दुसरी परवानगी फिशरीज अँड ओशन्स कॅनडा या केंद्रीय खात्याची. संशोधनासाठी मासे पकडायचे तर फिशरी जनरल रेग्युलेशन्सच्या कलम ५२खाली परवाना लागतो. त्यात जाळं कोणतं, बोट कोणती, तारखा, ठिकाणांचे अक्षांश-रेखांश, आणि सॉकायखेरीज जाळ्यात जे काही येईल त्याचा अंदाज. या शेवटच्या भागात मी अडकले. सॉकायच्या पिल्लांबरोबर हेरिंग येतात, चम आणि पिंक सॅमनची पिल्लं येतात, क्वचित कोहो आणि चिनूक या सॅमनच्याच आणखी दोन जाती. चिनूकच्या काही नदीगटांची अवस्था फार नाजूक आहे, त्यामुळे ते आले तर काय करणार हे स्पष्ट लिहावं लागतं: मोजायचे आणि ताबडतोब सोडायचे. हा अर्ज मी जानेवारीच्या शेवटी पाठवला. परवाना ४ मेला मिळाला. पिल्लं एप्रिलच्या अखेरीस नदीबाहेर पडायला लागली होती. मी नोव्हेंबरमध्येच पाठवायला हवा होता. दोन्ही अर्ज एकाच वेळी चालवता येतात हे मला ठाऊक नव्हतं. पिल्लांचा हंगाम दहा-बारा आठवड्यांचा. तो हुकला की पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं.

तिसरी गोष्ट कुठल्याच यादीत नव्हती, गाइडनी सांगितली. ज्या पाण्यात आम्ही जाळं टाकणार ते पाणी तिथल्या मूळ रहिवासी समाजांचं आहे. डिस्कव्हरी बेटांपैकी क्वाड्रा बेटाच्या दक्षिण टोकाला केप मज इथे वी वाय काय नेशनचं गाव आहे, समोर कॅम्पबेल रिव्हरला वी वाय कम नेशनचं. त्यांच्या मत्स्यविभागांना पत्र लिहायचं, काय करणार आणि का हे सांगायचं, त्यांचे प्रश्न ऐकायचे. डिसेंबरमध्ये पत्र गेलं, फेब्रुवारीत भेट झाली. पहिला प्रश्न आला: 'निष्कर्ष आम्हाला कधी सांगणार?' हे मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

याशिवाय छोटी बोट चालवण्याचं प्रमाणपत्र, समुद्रावरच्या प्रथमोपचाराचा कोर्स, थंड पाण्यात पडल्यावर काय करायचं त्याचा सराव. फी गाइडच्या निधीतून गेली, पण गमबूट आणि लोकरीचे आतले कपडे माझे मी घेतले, साधारण २५० डॉलर. बुटांवर काटकसर करू नका. सुती मोजे तर अजिबात नकोत. एकदा भिजले की दिवसभर पाय बर्फ.

१६ मे २०२३ला आम्ही निघालो. व्हँकूव्हरजवळच्या हॉर्सशू बेवरून फेरीने पावणेदोन तासांत ननाइमो. तिथेच १९०८पासून चालू असलेलं पॅसिफिक बायोलॉजिकल स्टेशन आहे, आणि तिथल्या ब्रेट यांनी सहकाऱ्यांसह १९६९मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग माझ्या प्रबंधाचा कणा आहे. सॉकायच्या पिल्लांना पोटभर खाऊ घातलं तर ती सर्वांत वेगाने वाढतात १५ अंश सेल्सियसला. पण रोजचा खुराक शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यावर आणला तर वाढीसाठी सर्वांत चांगलं तापमान उतरून ५ अंशांच्या आसपास येतं. कारण साधं आहे. पाणी ऊबदार असलं की शरीराचा घरखर्च वाढतो. मिळकत भरपूर असेल तर तो झेपतो. तुटपुंजी असेल तर सगळं खर्चातच जातं, गाठीला काही उरत नाही. म्हणून नुसतं 'समुद्र तापतोय' किंवा नुसतं 'अन्न कमी आहे' असं म्हणून भागत नाही, दोन्ही आकडे एकत्र मांडावे लागतात.

ननाइमोहून दीडशे किलोमीटरवर कॅम्पबेल रिव्हर, आणि तिथून दहा मिनिटांच्या फेरीने क्वाड्रा. ही फेरी ज्या डिस्कव्हरी पॅसेजमधून जाते त्याच पॅसेजमध्ये थोडं वर सीमोर नॅरोज आहे, जिथे भरती-ओहोटीचा प्रवाह १५ नॉटपर्यंत धावतो. तिथे पाण्याखाली रिपल रॉक नावाचा खडक होता, बोटींचा काळ. ५ एप्रिल १९५८ला तो सुरुंगाने उडवला. मी कोकणातल्या खाड्या पाहिल्या आहेत, उधाणाचं पाणी पाहिलं आहे, पण समुद्र नदीसारखा उतारावरून धावताना इथेच पहिल्यांदा पाहिला.

आणि माझ्या प्रश्नाचं मूळ या धावत्या पाण्यातच आहे. जॉर्जिया सामुद्रधुनीत उन्हाळ्यात वर ऊबदार, नदीचं गोडसर पाणी तरंगतं, खाली थंड खारं. वरच्या थरात सूक्ष्म वनस्पती उन्हात राहतात, वाढतात; त्यांच्यावर कोपेपॉडसारखे बारीक जीव पोसतात; त्यांच्यावर आमची पिल्लं. डिस्कव्हरी बेटांत आणि जॉन्स्टन सामुद्रधुनीत मात्र प्रवाह सगळं घुसळून टाकतो. वरपासून खालपर्यंत पाणी एकसारखं, दहा अंशांच्या आसपास. खत भरपूर आहे, पण रोप सावलीत: सूक्ष्म वनस्पती उन्हात टिकतच नाहीत, प्रवाह त्यांना खाली ओढून नेतो. म्हणून पिल्लांच्या वाटेवर हा एक दुष्काळी टापू आहे, अशी मांडणी काही संशोधकांनी केली आहे. माझं काम होतं हा टापू ओलांडताना पिल्लाच्या शरीरात काय होतं ते बघणं.

मासे शोधायचे नजरेने. पिल्लांचा थवा वर आला की पाण्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखे बारीक ठिपके उमटतात. त्यामुळे खरा पाऊस असला की काही दिसत नाही, नुसतं बसून राहायचं. भरती-ओहोटीच्या मधला पाणी थांबण्याचा वेळ कोष्टकात बघून त्याच्या आगेमागे छोटं पर्ससीन जाळं टाकायचं. पहिले पाच दिवस आम्हाला एकही सॉकाय मिळाला नाही. सहाव्या दिवशी जाळ्याच्या तळाशी चांदी चमकली.

ही पिल्लं हाताने धरायची नाहीत. त्यांचे खवले इतके सैल असतात की बोट लागलं तरी गळतात. जाळं पाण्यातच ठेवून एकेक पिल्लू पाण्यासकट उचलायचं. ज्याला सोडायचं ते सोडायचं. जे घ्यायचं ते भुलीच्या औषधाच्या जास्त मात्रेच्या पाण्यात. मिनिटभरात कल्ले थांबतात. मग लांबी, वजन, शेपटीच्या बुंध्याशी काप देऊन काचेच्या केशनळीत रक्त, पराचा तुकडा डीएनएसाठी म्हणजे कुठल्या तळ्यातलं ते कळतं, आणि बाकी शरीर द्रव नायट्रोजनमध्ये. माझं पहिलं पिल्लू १०.८ सेंटिमीटरचं होतं. पाठ निळसर हिरवी, कुशी आरशासारख्या. नदीतली आणि किनाऱ्यावरची सगळी संकटं चुकवून ते तिथवर आलं होतं आणि मी त्याला मारलं. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बोटीवर कुणी काही बोललं नाही. आमच्या तांडेलाने फक्त इंजिन बंद करून दोन मिनिटं थांबवलं. पुढे हात सराईत झाले, तरी प्रत्येक सुट्ट्या पिशवीवर क्रमांक लिहिताना २४०चा आकडा मनात असायचा. तो अर्ज लिहिला नसता तर ६०० मारले असते.

आता चूक. २९ जून २०२३, गुरुवार. रक्तद्रव्याच्या शंभरएक नळ्या कोरड्या बर्फात घालून कुरियरने दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवल्या, आयजीएफ-१ मोजण्यासाठी. 'उद्या पोचेल' असं पावतीवर होतं. शनिवारी १ जुलै, कॅनडा डे. त्याची सुट्टी सोमवारी. पार्सल गोदामात पडून राहिलं आणि मंगळवारी दुपारी पोचलं. बर्फ उडून गेला होता, नळ्यांत कोमट पाणी. भरपाई म्हणून कुरियरचं भाडं परत मिळालं. त्या शंभर पिल्लांच्या रक्ताची भरपाई कशी होणार? मी गाइडना फोन केला, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'ओटोलिथ आहेत ना जागेवर? मग त्या पिल्लांचं म्हणणं अजून ऐकता येईल.' गोठवलेलं काहीही सोमवारी किंवा मंगळवारीच पाठवा, आधी सुट्ट्यांचं कॅलेंडर बघा, समोरच्या माणसाला फोन करून तो जागेवर आहे याची खात्री करा, आणि सगळं एकाच खोक्यात कधीच नको. निम्मं निम्मं करून दोन खेपांत पाठवा.

ऑगस्टपासून प्रयोगशाळा. पोट उघडून त्यातलं वजन करायचं, माशाच्या वजनाशी टक्केवारी काढायची, मग भिंगाखाली एकेक जीव ओळखायचा. जॉर्जिया सामुद्रधुनीतल्या एका पिल्लाच्या पोटात मला खेकड्यांची पिल्लं सापडली, मेगॅलोपा अवस्थेतली, इवल्याशा नांग्या अजून शाबूत, काळेभोर डोळे रोखलेले. शेजारी तांबूस कोपेपॉड, तेलाचा थेंब अंगात घेऊन. हे खरं सकस अन्न. दुसऱ्या एकाचं पोट तेवढंच टम्म होतं, पण आत सगळा ओइकोप्ल्युरासारख्या जेलीदार प्राण्यांचा लगदा, बहुतेक पाणीच. वजनाच्या तक्त्यात दोघांची टक्केवारी जवळजवळ सारखी आली. आणि जॉन्स्टन सामुद्रधुनीतलं एक पोट उघडलं तर आत काहीच नाही; नुसत्या फिकट गुलाबी चुण्या. अशी पोटं ओळीने येत राहिली की खोलीतली शांतता जाणवायला लागायची.

ओटोलिथ हे सगळ्यांत हळू काम. काचपट्टीवर गोंदाने चिकटवून अगदी बारीक पॉलिश कागदावर घासायचा, मधला गाभा दिसेपर्यंत. दोन फेरे जास्त झाले की गाभाच जातो. पहिले बावीस मी असे घालवले, पण ते गाइडनी मुद्दाम दिलेल्या पिंजऱ्यातल्या माशांचे होते, सरावासाठी. तुम्हीही आधी तसेच मागून घ्या. वलयं मोजताना नमुना कुठला आहे ते लपवून ठेवायचं, दोनदा मोजायचं, तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यायचं. आपल्याला जे हवं ते डोळ्यांना दिसायला लागतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

२०२४चा दुसरा हंगाम पहिल्याइतका सांगण्यासारखा नाही. कागद वेळेवर होते, हात बसला होता, पार्सलं मंगळवारी गेली.

काय निघालं ते थोडक्यात. घुसळलेल्या पाण्यात पोटं रिकामी असतात हे आधीच्या अभ्यासांत दिसलं होतं, माझ्याही पिल्लांत तसंच दिसलं. पण लांबीच्या मानाने वजन पाहिलं तर तीच पिल्लं रोडावलेली दिसत नव्हती! याने मी कित्येक आठवडे गोंधळले होते. शेवटी ओटोलिथने उलगडा केला: कडेची, म्हणजे मरणाआधीच्या दिवसांची वलयं अरुंद झाली होती. वाढ थांबत आली होती, पण शरीरावर ते उमटायला वेळ लागतो, आणि तोवर पिल्लू त्या टापूतून पार होत असतं. पाणी थंड असल्यामुळे त्यांचा खर्चही कमी होत असणार. ब्रेट यांचा तक्ता इथे माझ्या कामी आला. माझं मत असं झालं आहे की त्या टापूची लांबी ठरलेली आहे, खरा फरक पडतो तो पिल्लू त्याआधी जॉर्जिया सामुद्रधुनीत किती गाठीला बांधून निघतं आणि पलीकडे क्वीन शार्लटमध्ये त्याला लगेच काय मिळतं यावर. दोन हंगामांवर यापेक्षा जास्त बोलायचा मला अधिकार नाही.

प्रबंध जानेवारी २०२५मध्ये समितीकडे गेला, तोंडी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. बाहेरच्या परीक्षकांनी एकच मोठा प्रश्न विचारला: 'तुम्ही पकडलेली पिल्लं ही जिवंत राहिलेली पिल्लं. जी उपाशी राहून हळू झाली आणि कुणाच्या तरी तोंडी गेली, ती तुमच्या तक्त्यात कुठे आहेत?' मला हा प्रश्न येईल असं वाटलं होतं तरी घसा कोरडा पडला. उत्तर दिलं की पलीकडे पोचलेल्या पिल्लांच्या ओटोलिथवरची सुरुवातीची वलयं आणि टापूच्या अलीकडे पकडलेल्यांची तीच वलयं ताडून बघता येतात. पोचलेल्यांची सुरुवातच रुंद असेल तर मधले बारीक गळाले असं समजावं. माझ्याकडे त्यासाठी नमुने पुरेसे नव्हते, तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ते वाक्य प्रबंधात घालायला लावलं. नंतर अंतिम प्रत विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तीनदा परत आली, समासामुळे, मग पानांच्या क्रमांकांमुळे, मग एका तक्त्याच्या शीर्षकामुळे. यासाठी दोन आठवडे राखून ठेवा. स्टडी परमिटची मुदत जवळ आली असेल तर आणखी जास्त.

शेवटचे दोन कागद राहिले होते. जूनमध्ये क्वाड्राला जाऊन दोन्ही मत्स्यविभागांसमोर निष्कर्ष मांडले, वहीच्या पहिल्या पानावरचा प्रश्न दोन वर्षांनी खोडला. तिथल्या एका अनुभवी मच्छीमारांनी ओटोलिथची चित्रं बराच वेळ पाहिली. कडेच्या अरुंद वलयांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे कुठल्या खाडीतलं? मी सांगितलं. ते म्हणाले, तिथे आम्ही कधी थांबत नाही, तिथे काही नसतं.

दुसरा कागद परवान्याचा समाप्ती-अहवाल. दोन हंगामांत मंजूर मासे ४८०, वापरले ४५१. उरलेल्या स्नायूंच्या कुप्या आणि ओटोलिथच्या काचपट्ट्या क्रमांकासकट प्रयोगशाळेच्या संग्रहात ठेवल्या आहेत. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीने तिच्या ॲनिमल केअरच्या अर्जात त्यातले ९० लावले आणि तिच्या मागणीच्या आकड्यातून तेवढे वजा केले.